उकललेल्या वाती

धारूर, चैत्र वद्य ३, शके १८३८

चि. सौ. साखराबाई हिला सासूचे, म्हणजे चंद्रभागाबाईचे, आशीर्वाद. थोडेच हायत, पुरवून वापर.

तू बाळंतपणाला माहेरी आंबेजोगाईला गेलीस, माझा लेक अर्जुनराव कचेरीच्या कामाला बीडला बसला, अन् तुमची तिन्ही रत्नं माझ्या गळ्यात पडली. ऊन असं हाय की कुत्रं बी सावली सोडीना. ह्यांना मात्र किल्ल्यातल्या तळ्यात डुंबायचंय. एखादं बुडालं तर तुला काय सांगू? म्हणून घरातच कामाला लावलं.

आश्रुबाला तुरीच्या डाळीतले खडे निवडायला बसवलं. लई मन लावून निवडले. मग खडे डब्यात भरले अन् डाळ उकिरड्यावर नेऊन टाकली. म्हणतो, खडेच दिसायला चांगले. गहिनीनाथाला अंगण सारवायला सांगितलं. शेजारचा तात्याबा लिंबाखाली घोरत पडला होता. त्याला गुडघ्यापर्यंत शेणानं सारवून काढला. का रं, असं विचारलं तर म्हणाला, पाय मधी आले. तात्याबा उठला तवर पाय वाळून कडक झाले होते.

शेवटी मी डोकं चालवलं. सांगितलं, तुमची आई सुखरूप सुटावी म्हणून योगेश्वरीला लाख वातींचा नवस बोललेय. ती बाळंत व्हायच्या आत लाख वाती वळून झाल्याच पाहिजेत. कापसाचं गाठोडं पुढं टाकलं अन् घर असं चिडीचूप झालं की माझंच मला भ्याव वाटलं. शंभर वाती झाल्या की गाडग्यात एक चिंचोका टाकायचा. हजार चिंचोके म्हणजे लाख. गाडगं थोरल्या सावित्रीच्या ताब्यात.

लोभ हाय तेवढाच राहू दे. वाढवलास तर पोरं इथंच ठेवशील.

चंद्रभागाबाई


आंबेजोगाई, चैत्र वद्य ११

तीर्थरूप सासूबाईंच्या चरणी साखराबाईचा साष्टांग नमस्कार. सध्या वाकता येत नाही, म्हणून कागदावरच घालते.

आपण माझ्यासाठी नवस बोललात हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. बारा वर्षांत आपण मला जे जे बोललात ते सगळ्या आळीनं ऐकलं, मग हे एवढंच कुणाला कसं ऐकू गेलं नाही? असो. आई म्हणते, सुटायला ज्येष्ठ उजाडेल.

सावित्रीला मात्र जपावं. आश्रुबाच्या वेळी मी तीन दिवस शुद्धीवर नव्हते. तेव्हा ती चार वर्षांची पोर खोलीच्या दाराशी बसून राहिली, जेवायलासुद्धा उठली नाही. आता दहाची झाली, पण ते तिच्या मनातून गेलेलं नाही. बोलत नाही एवढंच.

माया असू द्यावी, दाखवली नाहीत तरी चालेल.

आपली साखरा


धारूर, वैशाख शुद्ध ६

चि. सौ. साखराबाई हिला आशीर्वाद, अन् डोळे पूस.

नवसबिवस काही न्हाई. पोरं घरात बसावीत म्हणून थाप ठोकली. योगेश्वरीला बी ह्यातलं काही ठाऊक न्हाई.

पण ही तुझी लेकरं हायत का बैल? तीस हजार वाती वळल्या! हात बसलाय, रोज कालच्यापेक्षा जास्त होतात. अशानं महिना सरायच्या आत लाख भरल, मग ज्येष्ठापर्यंत ह्यांच्यापुढं काय टाकू? म्हणून दुपारी ती निजली की मी निम्म्याच्या वर वाती उकलते, कापूस पिंजून परत गाठोड्यात कोंबते अन् तेवढे चिंचोके काढून घेते. सध्या गाडग्यात बारा हजारांचेच हायत. सावित्रीला मेळ लागेना. मी म्हणाले, उंदीर नेत असतील. तवा गहिनीनं मांजर धरून गाडग्याला बांधलं. मांजर झोपून जातं, म्हणून त्याला जागं ठेवायला आश्रुबा बसतो. आश्रुबा झोपला की मी उकलायला बसते. मांजर मला काही म्हणत न्हाई.

अशी ही सगळी कामाला लागलीत. तू पाय पसरून पड. लोभ करायला आता काही कारण न्हाई, तरी चालू ठेव.

चंद्रभागाबाई


आंबेजोगाई, वैशाख शुद्ध ११

तीर्थरूप सासूबाईंना नमस्कार. आज रागानं घालते आहे.

सुईण पाहून गेली. ज्येष्ठ नाही, आता पंधरा दिवस निघाले तरी पुष्कळ, असं म्हणाली. आणि सावित्रीनं कासारणीबरोबर चोरून चिठ्ठी पाठवली आहे. तिनं लिहिलं आहे की आई, वाती कमी होतायत, मला कळत नाही कशा. लाख होईपर्यंत बाळाला बाहेर येऊ देऊ नको, घट्ट धरून ठेव. वाचून मी हसले, आणि मग मला हसवेना.

आता थाप होती असं तिला सांगू नका. आजी धीर द्यायला खोटं बोलते, असंच ती समजेल. आणि या खेपेला माझं काही बरंवाईट झालं, तर ती पोर जन्मभर चिंचोके मोजत बसेल. आपण उकललंत, आता आपणच वळा.

राग ओसरला की लोभ मागेन.

साखरा


धारूर, वैशाख वद्य ४

चि. सौ. साखराबाई हिला आशीर्वाद. सुनेनं सासूला हुकूम सोडला, हे मी आळीत सांगितलं न्हाई.

वळतेय. मांडीचं कातडं सोललं. घरातला कापूस संपला, मग दोन गाद्या अन् उशा फोडल्या. आता उशाला पाट घेऊन निजते. तात्याबाची रजई गेली. तो भांडायला आला अन् रजई डोळ्यांदेखत जाते तर निदान हातानं तरी वळू द्या म्हणून बसला. समोरची बायनाबाई तिच्या दोन्ही सुना घेऊन आली. आज बावीस माणसं अंगणात बसून मांड्या चोळत होती.

एवढी माणसं रोज जमतात कशाला, म्हणून चौकीचा जमादार चौकशीला आला. मी म्हणाले, सून अडलीय, बसा. बसला. त्याची वात बोटाएवढी जाड होते. जाड झाली की गहिनी हातावर छडी देतो. जमादाराला चार बसल्या. तो निमूटपणे हात पुढं करतो.

सगळ्यांच्या वाती सावित्री स्वतः मोजून घेते. अठ्ठावन्न हजार झाल्या. दोन दिवस झाले, पोरगी भाकरीचा तुकडा मोडते अन् तसाच ठेवते. तू जरा धरून ठेव. मी असं सांगतेय म्हणजे बघ.

लोभ राहू दे. ह्या खेपेला खरंच म्हणतेय.

चंद्रभागाबाई


आंबेजोगाई, वैशाख वद्य ७

तीर्थरूप सासूबाईंच्या चरणी दोघींचा नमस्कार.

आज सकाळी मुलगी झाली. मी शुद्धीवर आहे, हे अक्षर माझंच आहे. धरून ठेवणं जमलं नाही. पत्र मिळताच आधी सावित्रीला सांगावं.

आता आशीर्वाद दोन पाठवावेत.

साखरा


धारूर, ज्येष्ठ शुद्ध १

चि. सौ. साखराबाई अन् बिननावाची नात, दोघींना आशीर्वाद. नातीला जास्त.

तुझं पत्र वद्य नवमीलाच मिळालं. चुलीमागं जाऊन वाचलं. बाहेर येऊन गाडगं बघितलं, तर त्यात एकाहत्तर हजार. पत्र कमरेला खोचलं अन् गप बसून वळायला लागले.

मग सहा दिवस मी समद्यांना राबवलं. जमादार रोज विचारायचा, सुटली का? मी म्हणायची, कसली सुटते, अजून अडलीय. बायनाबाई तुझ्या नावानं रडली. तात्याबानं तर अंगातली कापूस घातलेली बंडी बी काढून दिली. जी पोर तिकडं दूध पिऊन झोपली होती, तिच्यापायी इकडं आख्खी आळी मांड्या सोलत बसली होती. मला हसू आलं की मी चुलीत फुंकर घालायला जायची.

काल अमावास्येला हजारावा चिंचोका पडला. मी म्हणाले, आत्ताच बाजाराच्या गाडीवानानं हे पत्र दिलं. समद्यांनी सावित्रीला ओट्यावर उभं केलं, वाच म्हणाले. तिनं कागद उलगडला. वर तिथी होती, वद्य सप्तमीची. तिनं ती बघितली. मग माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मी इकडंतिकडं बघितलं.

तिथी सोडून तिनं नमस्कारापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. वाचून झाल्यावर दीड भाकरी खाल्ली.

लोभ कर वा नको करू, पोरांना न्यायला घाई मात्र करू नको.

चंद्रभागाबाई