वर न चढणारं रक्त

चि. दर्सोनोस,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. तिकडे सुराबायात तू आणि तुझी सुलास्त्री ठणठणीत असणारच, कारण घराण्यातली सगळी दुखणी मी एकट्यानं उचलली आहेत.

ईदेची हकीगत तुझ्या कानावर भलतीच आली असेल, म्हणून खरी लिहितो. वागियेम काकूच्या गुडघ्यांवर डोकं टेकून वर्षभराच्या चुकांची माफी मागितली (रिवाज म्हणून, खरं तर तिनंच माझी मागायला हवी) आणि ताडकन उठलो. डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आलो तेव्हा मी चटईवर आडवा आणि काकू हंबरडा फोडतेय, "अरे, इतका पश्चात्ताप! माफ केलं रे बाबा, ते कोंबड्यांचंसुद्धा माफ केलं!" (कोंबड्या मी चोरल्या नव्हत्या. आता गावभर झालं.) शेजारी म्हणाले, रक्त उतरलंय, दाब कमी झालाय. ते चढावं म्हणून त्यांनी नाण्यानं माझी पाठ लालभडक होईस्तोवर खरवडली आणि आठवडाभर काड्यांवर भाजलेलं बोकडाचं साते चारलं. दाब होता तिथंच राहिला, पोट तेवढं बिघडलं.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हणाल्या, "आजोबा, दाब उतरला की मेंदूतल्या धमन्या आपणहून रुंद होतात आणि रक्त कमी पडू देत नाहीत. तुमच्या कडक झाल्यात, त्यात मानेतली अरुंद. उठलात की वर रक्त पुरत नाही." मी विचारलं, "आणि बोलताना शब्द हरवतात ते?" "त्याचाही संबंध असेल," म्हणाल्या. मेली ती तपासणी! न करता सुखात होतो.

परवा किनासीच्या निकाहाचा सराव झाला. नवऱ्या मुलाचा हात हातात घेऊन बापानं एका दमात म्हणायचं की अमकी माझी मुलगी तुला दिली. हात धरला आणि पोरीचं नाव येईचना. आलं ते तिच्या गेलेल्या आईचं. जावई बिचारा सभ्य, नुसता खोकला. सगळे हसले, मीही हसलो. किनासीला वाटलं, बापाला आईची आठवण आली, आणि ती रडायला लागली. मी तिला तसंच वाटू दिलं. दर्सोनो, मला फार भीती वाटते रे.

बाकी क्षेम.

तुझा दादा,
प्रानोतो

ता. क. माझ्या वतीनं निकाहाला पोरीचा हात तू दे. धर्माला चालतं, इमामांना विचारून घेतलंय. किनासीला सांगितलंय की काकानंच हट्ट धरला. नाहीतरी हट्टी म्हणून तुझीच ख्याती आहे.

पुन्हा ता. क. मी शेजारी भिंतीला टेकून बसेन. तिचं नाव जरा मोठ्यानं घे, म्हणजे मलाही मनातल्या मनात तुझ्याबरोबर म्हणता येईल.