पाचरच्या टेबलाला पाय जोडू नयेत

मी, खाली सही करणारा, धंद्याने सुतार, वयाने पिकलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याबाबत माझ्या पत्नीचे मत वेगळे आहे. ते तिने स्वतःच्या मृत्युपत्रात सवडीने मांडावे. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी जावयांवर रागावलेलो असताना केले होते.

कलम १. राहते घर आणि बँकेतील शिल्लक पत्नीला, तिच्या पश्चात मुलीला. पुढच्या दाराची कडी लागत नाही. दार किंचित वर उचलून ढकलावे. सुताराच्या घरची कडी आहे, ती दुरुस्त होईल अशी आशा कोणी ठेवू नये.

कलम २. दुकान, करवती, पटाश्या आणि रंधे माझ्या जुन्या कारागिराला. त्यातला मोठा रंधा पलीकडच्या गल्लीतल्या सुताराने "उद्या आणून देतो" म्हणून नेला आहे. त्याचा उद्या अजून उजाडलेला नाही. माझ्या अंत्ययात्रेला तो येईलच, तेव्हा कारागिराने लाजू नये, तिथेच मागावा.

कलम ३. माळ्यावरच्या चार खुर्च्या जावयांना. आमच्याकडे जेवायला बसताना ते गुडघे धरून असा काही आवाज काढतात की वाढणारीचा हात थांबतो. त्यांनी आपल्या घरी खुर्चीवर बसून सुखाने जेवावे. माझा राग आता गेला आहे.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. स्वयंपाकघरातले बुटके टेबल माझ्या मुलाने, पाचरने, केलेले आहे. लाकडाच्या फटीत ठोकून बसवतात ती पाचर. हा तसाच कोणाच्याही बोलण्यात घुसायचा, म्हणून ते नाव पडले आणि पुढे सैन्यातही तेच चालले.

शाळेने आणि त्याने एकमेकांचा नाद सोडल्यावर तो दुकानात आला. पहिले काम म्हणून त्याने आईसाठी जेवणाचे टेबल केले. स्वयंपाकघरात मांडले तर ते डुगडुगले. त्याने एक पाय थोडा कापला. टेबल दुसरीकडे डुगडुगले. मग त्याने तो पाय कापला. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा टेबल गुडघ्याच्याही खाली उतरले होते आणि पाचर घामाघूम होऊन, करवत हातात धरून, पुढचा पाय निवडत होता. मी पातळी बघायला फरशीवर पाणसळ ठेवली. फरशीतच खळगा होता. हा शहाणा कापण्यासाठी टेबल उलटे करायचा आणि परत मांडताना ते फिरवून मांडायचा, त्यामुळे दर वेळी वेगळाच पाय खळग्यात जायचा.

मी म्हणालो, "अरे गाढवा, खोट फरशीत आहे!"

तो म्हणाला, "मग आधी सांगायचं ना बाबा. फरशीच कापली असती."

त्याची आई हसता हसता खालीच बसली. त्या दिवशी आम्ही तिथेच खाली बसून जेवलो आणि तेव्हापासून तसेच जेवतो. सैन्यात जाताना तो म्हणाला, "आई, परत आलो की याला पाय जोडून देतो. तोवर कोणाला हात लावू देऊ नकोस." तो परत आला नाही; बावीस वर्षांचा असताना युद्धात गेला.

म्हणून हे टेबल पत्नीकडे राहील आणि तिच्यानंतर नातवंडांकडे. त्यांनी त्यावर खुशाल सांडावे, रेघोट्या माराव्यात, भांडावे. पाय मात्र कोणीही जोडू नयेत. ते काम ज्याने अंगावर घेतले होते त्याचेच आहे.

कलम ५. हे एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण स्मारक समिती. समितीला हे टेबल काचेच्या पेटीत हवे आहे. पाहुण्यांना वाकावे लागू नये म्हणून त्याला कोरीव पाय लावायचे आणि वर पाटी लावायची, ‘वीराचे अभ्यासाचे टेबल’. पाचरने या टेबलावर अभ्यास केल्याचे त्याच्या आईनेही पाहिलेले नाही, आणि तिला त्याचे नसलेले गुणही दिसायचे.

चौकातला पुतळा तर झालाच आहे. त्याची छाती इतकी रुंद आहे की आमच्या दारातून तो आडवा होऊनच आत येईल. खाली त्याचे शेवटचे शब्द म्हणून कोरले आहे, ‘मातृभूमी, हा देह तुझ्या चरणी’. पाचर पूल बांधणाऱ्या तुकडीत होता. गोळीबारात पुलाची एक फळी निखळली, पलीकडे जखमी अडकले होते, म्हणून तो ती बसवायला गेला. त्याच्या शेजारी असलेला सोबती नंतर आमच्याकडे आला होता. तो म्हणाला, "काका, फळी बसवली त्याने. आणि चिडून म्हणाला, ‘ही आधी कोणत्या गाढवाने ठोकली होती रे?’ तेवढंच."

आम्ही नवराबायको हसलो आणि मग पुष्कळ रडलो. जखमी त्याच फळीवरून अलीकडे आले. माझा मुलगा शूर होता हे मला पुतळ्याने सांगायला नको. पण तो जसा होता तसा आम्हा दोघांनाच ठाऊक आहे, आणि आमच्यामागे फक्त ती छाती उरेल, ही माझी खरी भीती आहे.

कलम ६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही, असे वकिलांनी सांगितले. हे ऐकताच मी स्मारक समितीच्या अध्यक्षांना पहिले साक्षीदार म्हणून मानाने बोलावले आहे.

सहीपूर्वीची नोंद. अध्यक्ष आले. हे पाचरच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. दर वर्षी पुतळ्यासमोर ते त्याच्या बालपणीच्या शिस्तीवर भाषण करतात. बुटक्या टेबलाशी बसताना वकिलांनी त्यांना एका बाजूने धरले, जावयांनी दुसऱ्या. सगळे वाचून झाल्यावर ते चिडतील म्हणून मी तयारीतच होतो. ते चष्मा पुसत राहिले.

"एकदा प्रार्थनेत हसला म्हणून मी त्याला खोलीत बोलावलं," ते म्हणाले. "मी मारे ओरडतोय, आणि हा माझ्या टेबलाचा अडकलेला खण बाहेर काढून त्याच्या कडांना साबण चोळतोय. वर मलाच म्हणतो, ‘सर, तुमचं चालू द्या.’"

पत्नीने विचारले, "मग हे भाषणात का नाही हो सांगत?"

"लोक हसतील, वहिनी."

"हसू देत की!" ती म्हणाली.

अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "या वर्षी सांगतो."

मी लगेच नवे कलम लिहायला घेतले, की ही गोष्ट दर वर्षी सांगण्याचा हक्क मी अध्यक्षांना देत आहे. वकिलांनी माझा हात धरला. साक्षीदाराला काही देता येत नाही. मी त्यांना म्हणालो, वकीलसाहेब, मी कुठे काय देतोय? ती गोष्ट त्यांच्याचकडे होती.

सही: सुतार, पाचरचा बाप
साक्षीदार पहिले: निवृत्त मुख्याध्यापक (सही करून अजून उठलेले नाहीत)
साक्षीदार दुसरे: समोरचे सायकलवाले
स्थळ: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: पाचरच्या वाढदिवसाचा दुसरा दिवस, दुपार