बसतील म्हणून आणलेले कार्ब्युरेटर

ती. वन्सं यांना,

वाकून नमस्कार (पत्रात वाकता येतं, प्रत्यक्षात माझी कंबर गेले पंधरा दिवस संपावर आहे). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मी पाठवलेलं मलम संपलं असेल तर कळवा, दुकानात नवीन आलंय. तुमच्या यजमानांना खोकल्याचं औषध झोपताना घ्यायला सांगा, जेवणाआधी नाही. तसं बाटलीवर मी माझ्या हातानं लिहून दिलं होतं, पण बाटलीवरचं वाचायची आपल्याकडच्या पुरुषांना सवय नाही. इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे अंथरुणाला कोणी खिळलेलं नाही.

तुमचं कार्ड मिळालं. बाबांची मोटरसायकल सुरू झाली की नाही, एवढी एकच ओळ तुम्ही लिहिलीत. उत्तरही एका शब्दात देता आलं असतं. पण त्या एका शब्दापायी माझा जो दीड महिना गेला तो कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, आणि या घराण्यात ऐकून घेणाऱ्या तुम्ही एकट्याच (बाकीचे सगळे सांगणारे).

हे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले ते तुम्हाला माहीतच आहे. एकतीस वर्षं पाण्याचे मीटर तपासलेला माणूस. घरी बसल्यावर तीन महिने खिडकीशी बसून नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं ते वहीत लिहीत होते. मी औषधाच्या दुकानात आठ तास उभी राहून यायची, तर दारातच सांगायचे, आज सहा मिनिटं उशीर. त्यामुळे एका सकाळी जेव्हा त्यांनी अंगणातल्या मामंजींच्या मोटरसायकलवरची ताडपत्री ओढली, तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, खिडकीतून उठले. मला काय ठाऊक, की खिडकीतला माणूस परवडतो.

गाडी दोन सिलिंडरची, म्हणून कार्ब्युरेटरही दोन. (कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजायचा डबा. मला हे दीड महिन्यापूर्वी माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी जास्त सुखी होते.) दोन्ही उघडले, तर आत हिरवा-पांढरा थर, दगडासारखा. जुनं पेट्रोल साचून धातू खाऊन गेलं होतं. हे वर्तमानपत्रावर दोन्ही ठेवून नुसते बघत बसले. का ते तुम्हाला सांगायला नको. मामंजी गेले त्या आठवड्यात तुम्ही तिथेच होतात. यांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि सगळ्यांदेखत धाकट्या भाऊजींना म्हणाले, तुला बाबांची गाडी सांभाळता आली नाही, बाबांना काय सांभाळलं असशील. भाऊजी उठून गेले. दुसऱ्या दिवशी टेंपोत घालून मोटरसायकल आमच्या दारात पाठवून दिली, आणि त्यानंतर तीन वर्षं दोघा भावांत एक अक्षर नाही. ज्या माणसानं दोन वर्षं बापाला उचलून आंघोळ घातली, तो टाकीतलं पेट्रोल काढायला विसरला यात नवल ते काय. हे यांनाही कळतं. पण यांच्या मीटरला उलटं फिरायची सोय नाही.

मिस्त्री आले. त्यांनी दोन्ही डबे कानाशी हलवून पाहिले आणि म्हणाले, हे गेले, असे आता बनतही नाहीत. पण त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलचे आणा, बसतील. (बसणे हे क्रियापद मिस्त्री लोकांना वापरायला बंदी हवी. कार्ब्युरेटर बसतो, गाडी बसते, धंदा बसतो आणि शेवटी माणूस डोक्याला हात लावून बसतो. यातलं नेमकं काय होणार ते आधी सांगत नाहीत.) पुढचं मॉडेल आमच्या ओळखीत एकाकडेच. धाकट्या भाऊजींकडे. ते रोज ऑफिसच्या बसनं जातात, गाडी कव्हर घालून उभी. यांनी मिस्त्रींना सांगितलं, दुसरीकडे बघा. दुसरीकडे कुठेच नव्हते. हे पुन्हा खिडकीशी जाऊन बसले, आणि या वेळी वहीसुद्धा उघडली नाही.

धाकटी जाऊ दर बुधवारी माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येते (तीन वर्षं दोन्ही घरांचा कारभार औषधाच्या काउंटरवरून चाललाय). तिला मी सहज बोलले. ती म्हणाली, आमचे हे परवापासून कामानिमित्त दहा दिवस बाहेरगावी जाताहेत, तोवर काढून न्या, लावून बघा, यायच्या आत परत बसवू. वन्सं, चिठ्ठी असल्याशिवाय मी कोणाला झोपेची गोळी देत नाही. पण त्या दिवशी मी हो म्हटलं. मिस्त्रींनी तिकडचे कार्ब्युरेटर काढले, उघड्या तोंडांत चिंध्या कोंबल्या, वर कव्हर ओढलं, आणि माल माझ्या डब्याच्या पिशवीतून घरी आला. यांना मी सांगितलं, भंगारवाल्याकडे मिळाले. यांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, भंगारात इतके स्वच्छ? मी म्हटलं, भंगारवाला टापटिपीचा आहे.

आता बसवणं. जुन्या कार्ब्युरेटरांची तोंडं जितकी जवळ, त्याहून या नव्यांची बोटभर लांब. इंजिनाला जोडणारे रबरी गळे पोचेनात. यांनी ते माझ्या पातेल्यात उकळून मऊ केले (पातेलं गेलं ते गेलंच). मग मी मागून गाडी धरायची आणि यांनी बाजूनं जोर लावायचा, असं ठरलं. तिसऱ्या जोराला कार्ब्युरेटर बसला, आणि मीही. कंबरेचं मूळ ते. पुढे केबल आखूड पडली, त्यामुळे हँडल डावीकडे वळवलं की रेस आपोआप वाढायची. म्हणजे डाव्या वळणाला गाडी घाईत आणि उजव्या वळणाला निवांत. हवा गाळायची जुनी पेटी जुळेना, तर यांनी माझ्या चहाच्या दोन गाळण्या तारेनं बांधल्या. मिस्त्रींनी त्या बघितल्या, सोडल्या आणि धुऊन माझ्या हातात दिल्या. तेव्हापासून मला त्या माणसाबद्दल आदर आहे.

सगळं जोडून पेट्रोल सोडलं, तर ते खालून ठिबकायला लागलं. आतला तरंगता गोळा ठरावीक उंचीवर पेट्रोल थांबवतो, ती उंची चुकली होती. हे तीन दिवस पट्टीनं मापत होते आणि पट्टी काही आत जात नव्हती. शेवटी मी दुकानातून सलाईनची नळी आणली, डब्याच्या बुडाला लावून उभी धरली, आणि आत पेट्रोल कुठवर आहे ते बाहेरून दिसायला लागलं. हे माझ्याकडे बघत राहिले. कौतुक नाही केलं, पण ‘नळी कितीची?’ असं विचारलं, आणि यांच्याकडून तेच कौतुक. त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकानं सिरप परत आणलं, रॉकेलसारखा वास येतो म्हणून. वास सिरपला नव्हता, माझ्या हातांना होता.

आठव्या दिवशी गाडी सुरू झाली, पण दमेकऱ्यासारखी. एक बाजू पुढे, एक बाजू मागे. दोन्ही कार्ब्युरेटरांचे स्क्रू एकाच वेळी थोडे थोडे फिरवून त्यांचा ताल जुळवावा लागतो, आणि मिस्त्री नेमके मुलीकडे गेलेले. म्हणून हे दोन्ही बाजूंना फेऱ्या मारत स्क्रू फिरवत होते आणि मी कंबरेला पट्टा बांधून रेस धरून उभी. अशा वेळी मी फाटकाकडे पाहिलं, तर धाकटे भाऊजी उभे.

ते ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच परतले होते. सुट्टी होती म्हणून गाडीवरचं कव्हर काढलं, आणि आत चिंध्या. जावेनं सगळं कबूल करून मला दुकानात फोन लावला, पण मी इथे रेस धरून. ते चालत आले होते. चाळीस मिनिटांचं अंतर, भर उन्हात. माझ्या हातातून रेस सुटली आणि गाडी बंद पडली. यांनी मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा खाली घालून किक मारली. मला वाटलं आता होणार ते होणार. भाऊजी आत आले, वाकले, डाव्या कार्ब्युरेटरच्या झाकणावर एक ओरखडा होता त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते मला म्हणाले, “वहिनी, डावा मागे पडतोय.”

हे मान न वळवता मला म्हणाले, “त्याला सांग, मलाही ऐकू येतं.”

मी सांगितलं. भाऊजी म्हणाले, “त्यांना सांगा, ऐकू येत असतं तर उजवा कशाला फिरवला असता.” मी तेही सांगितलं. असे पाच-सहा निरोप झाले. इंजिनाच्या आवाजात मला प्रत्येक वाक्य दोनदा ओरडावं लागत होतं. शेवटी मी म्हटलं, मी रेस धरू की टपाल वाटू, एक काय ते ठरवा. त्यावर भाऊजींनी बाह्या सरकवल्या, पलीकडे उकिडवे बसले आणि डावा स्क्रू धरला. यांनी उजवा धरला. थोडा वेळ दोघं फिरवत होते. मग हे ओरडले, “उलटा फिरव, गाढवा.” आणि भाऊजी ओरडले, “उलटा कुणाकडून? तुझ्याकडून की माझ्याकडून?”

तीन वर्षांनी दोघा भावांचं थेट बोलणं झालं ते हे. मी तुम्हाला शब्द न शब्द लिहून पाठवतेय, ठेवून द्या.

पाव फेरा, पाव फेरा करत आवाज खाली आला, मग एकसारखा झाला. दोन्ही बाजूंनी एकाच दमात. मामंजी संध्याकाळी गल्लीत शिरायचे तेव्हा यायचा तसा. दोघंही हात काढून बसून राहिले. मग भाऊजींचा अंगठा पुन्हा त्या ओरखड्यावरून फिरताना यांना दिसला. यांनी विचारलं, “तुझे आहेत हे?” भाऊजींनी मान हलवली. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टापटिपीच्या भंगारवाल्यासारखं दुसरीकडे पाहिलं. यांनी फडक्यानं एकेक बोट पुसलं, बराच वेळ, आणि भाऊजींकडे न बघता म्हणाले, “त्या दिवसांत मीही पेट्रोल काढलं नसतं.”

भाऊजी मला म्हणाले, वहिनी, पाणी द्या. मी आत गेले आणि पेला भरायला जेवढा वेळ लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ आत थांबले. बाहेर आले तर अंगणात कोणी नव्हतं. दोघांचं मिळून वय एकशे दहाच्या वर, हेल्मेट एकच (तेही दांडीला लटकत), आणि दोघं गाडीवर बसून मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन आले. परत आले तेही इंजिनावर, ढकलत नाही. तेव्हा तुमच्या ओळीचं उत्तर, हो, सुरू झाली.

आता सगळं छान झालं असं तुम्हाला वाटेल. पण भाऊजींच्या गाडीचं काय? यांनी कार्ब्युरेटर परत द्यायची तयारी दाखवली, तर भाऊजी म्हणाले, बाबांच्या गाडीला ते शोभतात, राहू देत. माझ्या गाडीला आणखी पुढच्या मॉडेलचे आणू. बसतील, असं दोघांचंही मत आहे. त्यांची गाडीही आमच्या अंगणात आलीय. रोज सकाळी आठला भाऊजी हजर. आधी एकाचा अबोला सांभाळायचा होता, आता दोघांची बडबड, आणि तीही जेटच्या (पेट्रोल सोडायच्या बारीक भोकाच्या) नंबरांवरून. माझं दुसरं पातेलं काल गेलं.

तब्येतीला जपा. तुमच्या यजमानांना नमस्कार.

तुमची,
थोरली वहिनी

ता. क. हे दोघं येत्या रविवारी तुमच्याकडे येणार आहेत. ताईला भेटून खूप दिवस झाले, असं सांगतील. खरं म्हणजे तुमच्या यजमानांची मोटरसायकल मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते हे भाऊजींना आठवलंय, आणि तिचं मॉडेल कोणतं ते परवा दोघं कुजबुजत होते. शेडला चांगलं कुलूप लावा, किल्ली स्वतःकडे ठेवा.

आणखी एक ता. क. पाकीट डकवल्यावर जाऊबाई आली, म्हणून उघडून लिहितेय. आम्ही दोघींनी विचार केला. कुलूप लावू नका. शेड उघडी ठेवा, पान्ह्यांचा डबा दिसेल असा ठेवा, नको असलेलं एखादं पातेलंही काढून ठेवा. यजमानांना त्या दिवशी कोणाकडे तरी लग्नाबिग्नाला पाठवा. दोघांना संध्याकाळी सातच्या आत काही सोडू नका. तेवढं कराच. आम्ही दोघी दार लावून झोपणार आहोत.