दोन इंटरवलांचा सिनेमा

॥ श्री ॥

इतवारी, नागपूर.
संक्रांत होऊन आठवडा झाला, सन १९५६.

माझ्या जिजीले तिच्या रुखमीचा रामराम.

(हे पत्र चंद्रकला लिहून राहिली, माझी नातसून, श्रावणची बायको, सातवी पास. ती म्हणे, आजी, जिजाआजीच्या नावामागं आता गं. भा. लावा लागते, गंगाभागीरथी. मी म्हटलं, खोड ते. एका बाईच्या डोक्यावर दोन-दोन नद्या कशाले? लहानपणी तिले उमरेडच्या तळ्यात धड पोहता येत नव्हतं. मीच वेणी धरून बाहेर काढलं होतं.)

आम्ही इकडं सारे खुशाल आहोत. माझे गुडघे वाजतात, पण चालतात. तुझ्या नत्थूजी भाऊजीचे कान गेले, म्हणजे मी बोलली की जातात, अन् शेजारच्या घरी कपबशी वाजली की परत येतात. मागावर बसले की मात्र एक धागा तुटला तरी त्याइले ऐकू येते. तुझी तब्येत विचारत नाही, कारण तू 'बरी आहे' असंच लिहवशील. श्रावण दुकानाच्या कामानं तुमच्या भिवापूरले आला होता, तेव्हा तुझ्या सुनेनं, जयवंतेनं, त्याच्याजवळ सारं सांगितलं. पोळा झाला अन् तुझे मनोहरराव गेले, तेव्हापासून तू मधल्या खोलीच्या कोपऱ्यात बसली आहे. अंगणात मिरच्या वाळून राहिल्या का सडून राहिल्या, तेही पाहत नाही म्हणे. माहेरच्या माणसानं नवं लुगडं नेसवून बाईले उंबऱ्याबाहेर काढलं पाहिजे, अन् तुझा बाबारावदादा जाऊन दोन वर्षं झाली, तर आता माहेर राहिलं नाही, असं तू म्हणते. ठीक आहे. मंग तुझ्या माहेरच्या गल्लीतली मी कोण वं, उमरेडची म्हैस?

पण ते राहू दे. मी तुले सिनेमाची गोष्ट सांगाले बसली.

संक्रांतीच्या करीले श्रावणनं आम्हाले सिनेमा दाखवला. मी म्हटलं, देवाचा असेल तर येते. तो म्हणे, देवाचाच आहे. (पहिल्या पाच मिनिटांत दोन चोऱ्या झाल्या, तेव्हा मले समजलं की हा देव वेगळा आहे.) बायकांची बाजू वेगळी, पडदा लावलेली. बाप्ये तिकडे. मी चंद्रकलेजवळ डबा दिला होता, पुऱ्या, पाटवड्या अन् तुझ्या गावच्या मिरचीचा ठेचा. सिनेमा पाहाच्यापेक्षा इंटरवलमध्ये डबा उघडाचीच मले घाई होती, हे तुले सांगाले काय लाजू.

तर गोष्ट अशी की दोन पोट्टे असतात, एका गल्लीतले. सोबत पतंग उडवतात, सोबत मार खातात, एकाच्या घरची भाकर दुसऱ्याच्या घरी जाऊन खातात. अगदी आपल्यावाणी, फक्त आपण इतकी गाणी म्हणत नव्हतो. मोठे झाल्यावर एक होतो पोलीस अन् एक होतो चोर. (जो लहानपणी जास्त मार खातो तो पोलीस झाला. हे मले पटलं.) मंग एका रात्री दरोडा पडतो, गोळी सुटते, अन् पोलिसाचा बाप मरतो. चोरानं गोळी मारली नाही, मारली त्याच्या सोबतच्यानं, पण होता तो तिथंच. म्हाताऱ्याले घरी आणून अंगणात ठेवलं, वरून पांढरी चादर टाकली, माय छाती पिटून राहिली, अन् बापा, तेवढ्यात दिवे लागले. इंटरवल.

चंद्रकलेनं डब्याचं झाकण काढलं. मी तिचा हात धरला. मी म्हटलं, पोरी, डबा लाव, मयत अंगणात आहे.

आता तूच सांग, मी काही चूक बोलली? मयत उचलत नाही तोवर आपल्या गल्लीत चूल पेटत नाही, पाण्याचा घोट घ्यायचा तरी बाई पदराआड घेते. अन् इथं सारी दुनिया त्या म्हाताऱ्याच्या उशाशी बसून पुऱ्या खाईन? बाजूले महाल वस्तीतली एक जाडी बाई होती, तिच्या हाती लाडू होता, तोंडापाशी गेलेला. तिनं माझ्याकडं पाहिलं अन् लाडू खाली ठेवला. तिच्या मागच्या बाईनं पोराच्या तोंडातून फुटाणे काढले. पाहता पाहता बायकांच्या बाजूले साऱ्यांचे डबे बंद झाले, अन् दोघीचौघींनी डोळ्याले पदर लावला, कारण डबा बंद झाल्यावर बाईनं दुसरं काय करावं.

कवडू म्हणून फुटाणे अन् सोडा विकणारा आहे तिथं. तो टोपली घेऊन पुढून मागं गेला, मागून पुढं आला, कोणी हात पुढं करे ना. तो गेला अन् मॅनेजरले घेऊन आला. मॅनेजर पतलूनवाला, जवान, बोलाले गोड. तो म्हणे, आजी, तो नट आहे, आता या वेळी तो मुंबईले आपल्या घरी कोंबडी खात असेल. मी म्हटलं, खाऊ दे, त्याच्या पोटावर माझा डोळा नाही, पण त्याले उचलून मंग दिवे लावले असते तर तुमचं काय बिघडत होतं? तो म्हणे, आजी, रीळ जिथं संपते तिथंच दिवे लागतात. मी म्हटलं, बापू, माणूसही जिथं संपतो तिथंच संपतो, पण त्याच्या पुढचं लोकच करतात ना.

तिकडं बाप्ये शिट्ट्या वाजवून राहिले. मॅनेजरनं डोकं खाजवलं, वर मशीनवाल्याशी बोलून आला, अन् सांगितलं की पुढचं रीळ सुरू करतो, प्रेत उचललं की आणखी दहा मिनिटं इंटरवल देतो. अन् खरंच दिला वं त्यानं. म्हातारा उचलला, घाटावर नेला, पोरानं अग्नी दिला, अन् दिवे लागले. महालवाली म्हणे, आता आंघोळ? मी म्हटलं, आपण काय घाटावर गेलो होतो? चूळ भरली तरी भागते. तर कवडूजवळच्या सोड्याच्या साऱ्या बाटल्या चूळ भराले खपल्या. तो जाताना माझ्या पाया पडून गेला.

(नत्थूजी म्हणाले, मीही पहिल्या इंटरवलात काही खाल्लं नाही. धोतरावर शेंगदाण्याची टरफलं होती. मी ती झटकून दिली.)

पण त्याच्या पुढचं मले सहन झालं नाही, जिजी. तो पोलीस घरात कोपऱ्यात बसून राहिला, जेवत नाही, बोलत नाही. अन् चोर फाटकाबाहेर येऊन उभा. आत जायची हिंमत नाही, कोणत्या तोंडानं जावं, म्हणते. एक सांज उभा, दुसऱ्या सांजी उभा. मी उठून उभी झाली अन् जोरानं बोलली, "आत जाय गा, दाराशी काय उभा, तो उपाशी आहे." सारं थेटर हासलं. महालवाली नाही हासली.

मंग मी उठून आली. शेवट पाहिला नाही. तो आत गेला का नाही गेला, मले माहीत नाही, अन् मी कोणाले सांगूही देत नाही. हा सिनेमा अजून पंधरा दिवस आहे म्हणतात. मी ठरवलं की शेवट पाहीन तर तुझ्यासोबत. तू नाही आली तर मी मरेपर्यंत तो बिचारा फाटकातच उभा राहीन, अन् त्याचं पाप तुझ्यावर. पाहा बा, तुझं तू ठरव.

सुनेले आशीर्वाद. तुझ्यासाठी तिळाचा लाडू ठेवला आहे. नत्थूजींची नजर आहे त्याच्यावर, म्हणून जास्त दिवस सांगता येत नाही.

तुझी,
रुखमी

ता. क. : ठेच्याले मिरची संपली. दोन शेर पाहिजे. कोणासोबत पाठवू नको, लोक अर्धी बदलतात. स्वतः आण.

आणखी एक ता. क. : मी येईन असं मनात आणू नको. माझे गुडघे छोट्या आगगाडीच्या पायरीवर चढत नाहीत.

जयवंताताईंस, हे खालचं फक्त तुमच्यासाठी, जिजाआजींना वाचून दाखवू नका. (आजीला वाटते मी अजून पत्ताच लिहून राहिली.) आजी शेवटपर्यंत बसल्या होत्या. त्या सिनेमात तो मित्र आत जात नाही. फाटकातच त्याला गोळी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळीच आजोबांना मागावर बसवलं, जांभळं लुगडं, काठ उमरेडचा. शुक्रवारी उतरते. शनिवारच्या छोट्या गाडीनं आजी ते घेऊन येऊन राहिल्या आहेत. तुम्ही फक्त दाराची कडी काढून ठेवा, आजी फाटकात थांबणार नाहीत.

मिरची मात्र खरोखरच संपली आहे.

— चंद्रकला