भुरीच्या गळ्यातला दोरा

३ नोव्हेंबर, रिसाली

सागाचा दिवाण, कुलरची लोखंडी बॉडी, घडीचं टेबल, कपड्यांचं कपाट आणि रिवाइंड केलेली मिक्सरची मोटर. सगळं माझ्या हातचं. टेम्पोवाला कोणत्या दुकानातलं म्हणून विचारून राहिला होता, म्हणून आधी हेच लिहितो. आयटीआयचं तोंड मी पाहिलं नाही. पुस्तकं आणि हे दोन हात, एवढ्यावर हथखोजच्या कारखान्यानं मला वर्ध्याहून इथं हिंदी मुलखात, लेथवर टर्नर म्हणून बोलावलं.

घर हवेशीर, भाडं अपेक्षेहून कमी. मालक श्यामराव स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, आपल्याच वर्ध्याकडचे. कलावतीवहिनींनी आल्याआल्या तर्री-पोहे दिले. श्यामरावांनी किल्ली डाव्या हातानं दिली. उजव्याची बोटं मुठीत आखडलेली. डॉक्टरांना कारण सापडलं नाही म्हणाले.

९ नोव्हेंबर

परसात एक भुरकट मांजर आहे. हाडं दिसतात, उजवा पुढचा पंजा सुजून पू आलेला. श्यामराव म्हणाले, जंगली आहे भाऊ, कोणाले जवळ येऊ देत नाही, पण तुमाले जमंल, तुमच्या हाताले कसब आहे. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. जाळीचा पिंजरा केला, पडतं दार बसवलं, आत सुकी मासळी. पहिल्याच खेपेला अडकली.

१० नोव्हेंबर

जाड टॉवेलात गुंडाळून दुर्गला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली. पू काढला, जंताचं औषध आणि रेबीजची सुई दिली. मला ओरखडा निघाला, म्हणून मीही सुया सुरू केल्या. हयगय मला चालत नाही. घरी पिंजऱ्यावर चादर टाकून ठेवायची, पंजा कोमट मिठाच्या पाण्यात शेकायचा, गोळी कुटून खाण्यात द्यायची.

गळ्याच्या केसांत लाल-काळा, गाठी मारलेला दोरा रुतला होता. कापून कचऱ्यात टाकला. कलावतीवहिनी तेवढ्यात चहा घेऊन आल्या होत्या. दोरा पाहिला आणि कप तसाच ठेवून आत गेल्या.

२४ नोव्हेंबर

जखम भरली. भुरी, हेच नाव ठेवलं मी, आता हातातून खाते, खाताना गुरगुरते. बायको गेल्यापासून दाराशी माझी वाट कोणी पाहिली नव्हती. ही पाहते.

वरच्या खोलीत समीक्षा राहते, शाळेत शिकवते. रोज जिन्यात थांबून म्हणते, काका, मलाच देऊन टाका ना हिला, तुम्ही दिवसभर कारखान्यात. मी म्हटलं, पोरी, ही आता माझी.

उजवी करंगळी सकाळी ताठत नाही. थंडी असेल.

५ डिसेंबर

चारही बोटं आत वळतात. आज मायक्रोमीटर धरता आला नाही, माप चुकलं, लेथवर घडवलेला जॉब रिजेक्ट झाला. आयुष्यात पहिल्यांदा. सुपरवायझर हसला नाही, तेच जास्त लागलं. एक्स-रे साफ, रक्त साफ.

भुरी त्याच पंजावर जोर देऊन भिंतीवर चढते.

११ डिसेंबर

अंगणात श्यामराव सुपारी कातरत होते. अडकित्ता उजव्या हातात.

ते म्हणाले, थंडीनं उलटा मोकळा झाला पाहा. मी स्वतःचा हात खिशात घातला. भुरी त्यांच्या मांडीवर होती. हाक मारली, कानही हलला नाही.

१४ डिसेंबर

डाव्या हातानं लिहितो आहे.

वहिनींनी सांगितलं. पदर तोंडाशी धरून, दारातच उभ्या राहून. अहिवारा गावाकडच्या एका माणसानं श्यामरावांच्या हाताचा उतारा काढला होता. नारळ-लिंबू चौकात ठेवून झालं, पण उतारा आता कोणी उचलत नाही, सगळे वळसा घालून जातात. म्हणून जिवावर उतरवला. दुखऱ्या मांजराला कोणी ना कोणी हात लावतोच. आधीच्या भाडेकरूंनी लांबून दूध ठेवलं, कोणी शिवलं नाही. मी शिवलो. दोराही मीच तोडला. वहिनी म्हणाल्या, तुमाले सांगणार होती भाऊजी, पण ह्यांचा हात हलताना पाहिला आणि तोंड बंद झालं.

चौकातलं लिंबू पायानं उडवणारा माणूस मी. भाडं कमी कावून, हे मले विचारायचं सुचलं नाही.

आपल्याकडचे म्हणून मी त्यांच्या घरी जेवलो.

१६ डिसेंबर

डाव्याची करंगळी. मग तिच्या शेजारची —

कारखान्यातून घरी बसवलं. भुरी खिडकीत आली, माझ्याकडे पाहिलं, उडी मारून गेली. धडधाकट. चारही पाय माझ्या जिवावर —

१७ डिसेंबर

पेन मुठीत धरून. अक्षर असंच येईल.

श्यामराव आले. वहिनींनी अन्न सोडलं म्हणून. बसले, घसा साफ केला. म्हणाले, उतारा पुन्हा काढता येतो. आता माझ्या हातांचा, भुरीवर. तोच माणूस, नवा दोरा. मग ती लंगडली की जिन्यात ठेवायची. समीक्षा उचलंल, मायाळू पोरगी आहे, तिनंच मागितली होती ना —

वर ती मुलांच्या वह्या तपासते आहे. मघाशी खाली आली, काका, हात शेकून देऊ का म्हणून विचारलं. मी दार लावून घे म्हटलं. तुटक बोललो. भुरीला हात लावू नको, एवढं तरी सांगायचं —

श्यामराव जात नाहीत. दारात आहेत. म्हणतात, कोणाले कळणार नाही, तुम्ही कारागीर माणूस, हाताबिगर जगाल कसे —

माझे दोन्ही हात परत, आणि वर श्यामराव स्वतः ऐंशी हजार रोख देतात म्हणे. नाही म्ह