पत्रिकेवर माझे पूर्ण नाव घालावे

मी, प्रेमिला धोंडबा गजभिये, वय सदुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार हुडकेश्वर, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; ज्यांना शंका असेल त्यांनी समोर येऊन बोलावे. दबाव कोणाचाही नाही. माझ्यावर दबाव टाकणारा अजून जन्माला यायचा आहे.

१. माझे पती कै. रविंद्र पराते. ते उमरेडच्या विणकर घरातले, मी बौद्ध. लग्न नोंदणी पद्धतीने झाले. मी माझे नाव बदलले नाही. रविंद्रची त्याला हरकत नव्हती. त्यांचे थोरले बंधू गणपतराव यांची होती आणि आहे.

२. हुडकेश्वरचे घर आम्ही दोघांनी बांधले. ते व बँकेतील ठेवी माझी एकुलती एक मुलगी नंदिनी हिला मिळाव्यात. दारावरच्या पाटीवर दोन आडनावे आहेत. पाटी नवी असताना कुरिअरवाल्याने विचारले होते, "यातला किरायेदार कोन हाय?" रविंद्र म्हणाले, "मीच हाओ गा. मालकीन आत हाये." पाटी ठेवायची की काढायची हे नंदिनीने ठरवावे. लग्नानंतर ती कोणते आडनाव लावते यात मी बोलणार नाही. दुसऱ्या कोणी तर मुळीच बोलू नये.

३. गणपतरावांच्या घरून येणाऱ्या प्रत्येक लग्नपत्रिकेच्या पाकिटावर "श्री. व सौ. रविंद्र पराते" असे असायचे. मी पाकीट न उघडता परत पाठवायचे. हळदीकुंकवाची बोटे लावलेले पाकीट परत केले म्हणून उमरेडला फार आरडाओरड झाली. रविंद्रने भावाला सांगितले, "प्रेमिलाले बोलावलं नाही, मंग मी एकटा काहून येऊ?" आणि ते खरेच गेले नाहीत, सख्ख्या पुतण्याच्या लग्नालाही नाही. हे आठवले की मला आजही अभिमान वाटतो आणि रडू येते.

ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवते. दोन्ही नावे एकाच ओळीत लिहावीत, मध्ये "व" घालावा. कोणाचे आधी, याने आभाळ कोसळत नाही. आडनाव ठाऊक नसेल तर विचारावे. फोन सगळ्यांकडे आहेत.

४. रविंद्र गेले तेव्हा तेरवीची पत्रिका गणपतरावांनी छापून घेतली. खाली "शोकाकुल : समस्त पराते परिवार". मी पराते नाही, म्हणून मी त्यात नाही. नवरा माझा गेला, आणि पत्रिकेप्रमाणे त्याच्यामागे रडायला मी नव्हतेच. हे मी माफ केलेले नाही.

५. माझी तेरवी करू नये, आम्हा बौद्धांच्या रीतीने पुण्यानुमोदन करावे. पत्रिकेवर "कालकथित प्रेमिला धोंडबा गजभिये" असेच छापावे. "श्रीमती पराते" छापून आले तर नंदिनीने सगळा गठ्ठा जाळावा आणि लोकांना फोनवर कळवावे. ज्यांच्या तोंडून माझे नाव निघत नाही त्यांनी मला खांदा देऊ नये. खांदेकरी शेजारात पुष्कळ आहेत.

६. सासऱ्यांच्या हातमागाचा धोटा रविंद्रच्या वाट्याला आला होता. गणपतरावांना तो हवा आहे. त्यांना मिळणार नाही. तो त्यांची नात रितिका हिला द्यावा. तिच्या लग्नाचे पाकीट तिने स्वतः आणून दिले. त्यावर माझे पूर्ण नाव होते, आणि आजोबांनी खोडायला सांगूनही तिने ते खोडले नव्हते.

७. शेजारी हेमराज कुंभारे यांच्यासोबत साक्षीला मी मुद्दाम गणपतरावांना बोलावले आहे. ते समोर बसून विचारत आहेत, "मीच काहून? दुसरं कोनी भेटलं नाही काय वं?" भेटले असते. पण सही कोणी केली हे साक्षीदाराने पूर्ण नावानिशी, स्वतःच्या हाताने लिहावे अशी माझी अट आहे. ते न लिहिल्यास रितिकाचे कलम मी त्यांच्यासमोर खोडणार, मग धोटा पराते घरात कोणालाच मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे. आता मी सही करते.

(सही) प्रेमिला धोंडबा गजभिये
हुडकेश्वर, नागपूर. १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १ : प्रेमिला धोंडबा गजभिये यांनी माझ्यासमोर सही केली.
(सही) हेमराज कुंभारे

साक्षीदार २ : माझ्या भावाची बायको प्रेमिला धोंडबा गजभिये हिने माझ्यासमोर सही केली. तेरवीच्या पत्रिकेतही हे नाव पाहिजे होते.
(सही) गणपतराव पराते