आमच्या शेतातली भरती

४ जाने., रविवार
कॉलेजच्या मॅडमने आमच्या एडवणच्या शेतात छातीइतका खड्डा खणला. खाली काळा चिखल, मध्ये वीतभर पांढरी वाळू, शिंपल्या, वर पुन्हा माती. म्हणाल्या, फार पूर्वी समुद्राची प्रचंड लाट आत आली, तिने ही वाळू आणली असावी. मग विचारले, "आजोबा, इथे कुणी वाळू टाकली होती का?"
"नाय," म्हटले. निघून गेले तोंडातून. किनाऱ्याची वाळू उचलायला बंदी, तलाठ्याची भीती वाटली.
टाकली मीच. बत्तीस वर्षे झाली. तिथे डबके होते. बैलगाडीने वाळू आणून बुजवले, वर माती ओढली.

६ जाने., मंगळ.
झोप नाही. ही हसते. "समिंदर कशाला येतोय! घमेल्यानं लाट आणलीत तुमी."
पण मॅडमचा प्रबंध आहे. पोर तीन वर्षे गावोगाव खड्डे खणते. परवा आमच्याकडे भाकरी खाल्ली, जाताना पाया पडली. पाय मागे घ्यायला हवे होते.

९ जाने., शुक्र.
आज सांगितले. म्हणजे, सांगितले असे... "मॅडम, तिथं भरती झालेली हाय." डबके बुजवणे याला आम्ही भरतीच म्हणतो. तिचे डोळे चमकले. "एवढी मोठी भरती? तुम्ही स्वतः पाहिलीत?"
"पाहिली."
वहीत माझे नाव लिहून घेतले. दुसरा शब्द होता की माझ्याकडे. तोच का वापरला?

११ जाने., रवि.
बेटेगावच्या जावयाचा फोन. "मामा, तुमचं नाव पुस्तकात येणार म्हणं!" हिनेच सांगितले असणार. सातवी नापास माणूस, पुस्तकात नाव, आणि तेही खोटे बोलून. जेवण गेले नाही.

१३ जाने., मंगळ.
मॅडमचे मोठे सर आज दहाला खड्डा बघायला येणार. सकाळी फावड्याने खड्ड्याची बाजू कोरली. वाळूत निळ्या प्लास्टिकच्या चपलेचा पट्टा निघाला. हिचा. तेव्हा बैलगाडीमागून चालताना चप्पल तुटली म्हणून केवढी भांडली होती.
धुऊन ओटीवर ठेवला, दिसेल असा.
ही म्हणाली, "सांगायचं तर तोंडानं सांगा. माजी चप्पल कशाला पुढं करताय?"
पट्टा आत नेला. परत बाहेर आणला. दहाला दहा कमी. गाडी वळली वाटते. पहिले वाक्य इथे लिहून बघतो, मॅडम, ती वाळू